फकिराचा कटोरा आणि उतू जाणारे तारे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझं लहानपण पाथरी तालुक्यातल्या एका खेड्यात गेलं. घर मातीचं, वर माळवद. रमजानचा एकोणतिसावा रोजा सुटला, की सगळी गल्ली आमच्या माळवदावर चढायची. सगळ्यांची नजर पश्चिमेकडं. चांद दिसला तर उद्या ईद, नाही दिसला तर आणखी एक रोजा. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. त्या वर्षी आभाळात ढगांच्या पट्ट्या होत्या आणि मला नव्या कपड्यांची घाई झाली होती. एका ढगाची पांढरी कडा पाहिली आणि मी ओरडलो, ‘दिसला! दिसला!’ खाली अंगणात बायकांचा गलका सुरू झाला. अब्बा माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘बता, किधर?’ मी बोट दाखवलं. तिथं काहीच नव्हतं. आता थप्पड बसणार असं मला वाटलं. पण ते एवढंच म्हणाले, ‘नै दिखा तो नै दिखा बोलना, बेटा. शरम कायकी?’ त्या वर्षी आम्ही तीस रोजे पूर्ण केले.

पुढं मी बी.ए. झालो, कविता लिहू लागलो. विज्ञानाचं शिक्षण मला नाही. पण माळवदावर आभाळ पाहायची लागलेली सवय सुटली नाही. ताऱ्यांविषयी मिळेल ते वाचत गेलो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. ‘नाही दिसला’ या दोन शब्दांना खगोलशास्त्रात फार मोठी किंमत आहे. काही तारे असे आहेत, की ते वर्षानुवर्षं मुकाट असतात आणि एके रात्री एकाएकी भडकतात. मग पुन्हा विझल्यासारखे होतात आणि काही काळानं पुन्हा भडकतात. त्यांचं गूढ उकललं ते भडकण्याच्या रात्रींइतकंच मुक्या रात्रींच्या नोंदींमुळं. आज अशाच ताऱ्यांविषयी बोलायचं आहे.

त्यांपैकी एक तारा आपल्याला गच्चीवरून शोधता येईल अशा जागी आहे. जून महिन्यात रात्री जेवणं आटोपून वर जा. उत्तरेला सप्तर्षी दिसतील. त्यांच्या शेपटीची कमान तशीच पुढं वाढवत नेली, की नारिंगी रंगाची तेजस्वी स्वाती सापडते. ईशान्येकडं पांढरीशुभ्र अभिजित. स्वातीकडून अभिजितकडं नजर नेताना, स्वातीच्या जवळच, सात ताऱ्यांची एक अर्धगोल ओळ लागते. बांगडी फुटून अर्धी उरावी तशी. हा उत्तर मुकुट. युरोपातल्या लोकांना तिथं मुकुट दिसला. अरबांना मात्र तिथं कडा तुटलेलं भांडं दिसलं. त्यांनी त्याला ‘अल-फक्का’ म्हटलं. त्यावरूनच त्यातल्या सगळ्यांत तेजस्वी ताऱ्याला आजही अल्फेका म्हणतात. अरबीत त्याचं आणखी एक नाव आहे, मिस्किनांचं भांडं. फारसीत तर त्याला दर्वेशांचा कासा म्हटलं गेलं. कासा म्हणजे फकिराचा कटोरा. मला हे नाव फार आवडतं आणि ते इथं किती चपखल बसतं ते पुढं कळेलच.

या कटोऱ्याच्या काठाला लागून एक तारा आहे. शास्त्रज्ञ त्याला टी कोरोना बोरिआलिस म्हणतात. एरवी तो दहाव्या प्रतीचा असतो. आपल्या डोळ्यांना अंधाऱ्या रात्री सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात, म्हणजे हा डोळ्यांना दिसतच नाही. दुर्बीण लागते. पण १२ मे १८६६च्या रात्री आयर्लंडमधल्या ट्यूम गावचे जॉन बर्मिंगहॅम आभाळाकडं पाहतात तो काय, कटोऱ्याला एक जास्तीचा तारा! आणि तोही अल्फेकाच्या तोडीचा. दुसऱ्या प्रतीपर्यंत तो तारा चढला होता. म्हणजे हिशेबानं सुमारे दीड हजार पट तेजस्वी. पण आठ-दहा दिवसांत तो डोळ्यांना दिसेनासा झाला आणि पुन्हा आपल्या दहाव्या प्रतीवर जाऊन बसला.

त्या आठ-दहा दिवसांत इंग्लंडच्या विल्यम हगिन्स यांनी त्याच्या प्रकाशाचं पृथक्करण करून पाहिलं. त्यात त्यांना हायड्रोजन वायूच्या चकाकत्या रेषा सापडल्या. म्हणजे भडकणाऱ्या गोष्टीत हायड्रोजन होता. हा पहिला धागा. मग ऐंशी वर्षं तारा गप्प राहिला आणि फेब्रुवारी १९४६मध्ये तसाच पुन्हा भडकला. तेव्हा पक्कं झालं, की १८६६मध्ये पाहिलेला तो तारा मेलेला नव्हता. तो साठवत होता.

काय साठवत होता? कुठून आणत होता? याचं उत्तर असं, की हा एक तारा नाहीच. हे दोन आहेत.

आपला सूर्य एकटा आहे, म्हणून आपल्याला वाटतं सगळेच तारे एकटे असतात. तसं नाही. आभाळातले कितीतरी तारे जोडीनं राहतात आणि एकमेकांभोवती फिरतात. टी कोरोना बोरिआलिसमधल्या जोडीला एक फेरी पूर्ण करायला सुमारे २२८ दिवस लागतात. या जोडीतला एक तारा म्हातारपणी फुगलेला आहे. त्याला तांबडा राक्षसी तारा म्हणतात. अंगानं अफाट, पण बाहेरचे थर ढिले. दुसरा अगदी उलट. तो आधीच जळून संपलेला, आक्रसून गेलेला आहे. त्याला श्वेत बटू म्हणतात. वस्तुमान सूर्याएवढं किंवा त्याहून थोडं अधिक, पण आकार आपल्या पृथ्वीएवढा. त्याच्यातलं चमचाभर द्रव्य इथं तोलायचं म्हटलं तर काही टन भरेल.

इतकं वजन इतक्या लहान जागेत म्हटल्यावर त्याची ओढही तशीच जबर. शेजारच्या फुगलेल्या ताऱ्याचे ढिले थर तो हळूहळू आपल्याकडं ओढतो. दोघंही एकमेकांभोवती फिरत असल्यानं हा वायू सरळ खाली पडत नाही. तो बटूभोवती गोल गोल फिरत राहतो आणि त्याची एक चकती तयार होते. भोवऱ्यातलं पाणी जसं फिरत फिरत मधे जातं, तसा हा वायू फिरत फिरत बटूवर उतरतो. मोठ्याच्या दारचा तुकडा फकिराच्या कटोऱ्यात पडावा, तसा.

हा वायू मुख्यत: हायड्रोजन असतो. बटूच्या पृष्ठावर त्याचा थर चढत जातो. वरून नवा वायू येतो, खालचा दबतो, तापतो. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. चुलीवर दूध ठेवलं की असंच होतं. वर साय धरलेली असते, सगळं शांत दिसतं, बाई जराशी दुसरीकडं वळते आणि तेवढ्यात दूध उतू जातं. थराच्या तळाशी तापमान एक कोटी अंशांच्या पुढं गेलं, की हायड्रोजनचं हेलियममध्ये रूपांतर सुरू होतं. हायड्रोजन बॉम्बमध्ये अणुकेंद्रं अशीच जुळतात. साधा वायू तापला की फुगतो आणि फुगला की थोडा निवतो. बटूवरचा हा थर इतका दाबलेला असतो, की सुरुवातीला त्याला फुगताच येत नाही. म्हणून आग आगीला वाढवत जाते आणि मग सगळा थर एकदम उडतो. हजारो किलोमीटर दर सेकंदाला अशा वेगानं वायू बाहेर फेकला जातो. याला नवतारा म्हणतात. पण भांडं फुटत नाही. दूध उतू गेलं तरी पातेलं चुलीवर तसंच राहतं. बटू शिल्लक असतो, शेजारी शिल्लक असतो आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा भरणं सुरू होतं.

खरं तर बहुतेक नवतारे असे पुन्हा पुन्हा भडकत असावेत. फक्त त्यांचा कटोरा भरायला हजारो वर्षं लागतात, म्हणून माणसाला त्यांची एकच भडक पाहायला मिळते. बटू फार जड असेल आणि शेजारी सढळ हातानं देणारा असेल, तर मात्र थोड्याशा वायूवरही स्फोट होतो आणि माणसाच्या आयुष्यातही तो तारा दोनदा दिसू शकतो. अशांना आवर्ती नवतारे म्हणतात. आपल्या आकाशगंगेत असे जेमतेम दहाच तारे आतापर्यंत माहीत झाले आहेत.

आता तुम्ही म्हणाल, भडकणारे सगळेच तारे असे उतू जातात का? नाही. एक दुसरी जात आहे. हंस तारकासमूहातला एसएस सिग्नी हा तारा घ्या. १८९६मध्ये अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत लुइसा वेल्स यांना तो सापडला. तो सहसा बाराव्या प्रतीचा असतो. सरासरी सात-आठ आठवड्यांनी तो आठव्या प्रतीपर्यंत चढतो, म्हणजे सुमारे चाळीस पट उजळतो, काही दिवस तसाच राहतो आणि उतरतो. इथंही जोडीच आहे, पण फार जवळची. साडेसहा तासांच्या आसपास एक फेरी! मिथुन राशीतला यू जेमिनोरम हा तारा याच जातीचा. तो १८५५मध्ये लंडनच्या जॉन हाइंड यांनी शोधला.

या ताऱ्यांच्या बाबतीत दुधाचा दाखला चालत नाही. इथं आपलं येलदरी धरण आठवावं. पूर्णा नदीचं पाणी येत राहतं, धरणात साठत राहतं, खाली नदी जेमतेम वाहते. पातळी ठरावीक खुणेला लागली की दरवाजे उघडतात आणि खालच्या गावांना इशारा द्यावा लागतो. एसएस सिग्नीसारख्या ताऱ्यात बटूच्या पृष्ठावर स्फोट होत नाही. भोवतीच्या चकतीतच वायू साठतो. चकती थंड असताना वायू सावकाश सरकतो. साठा वाढून चकती एका ठरावीक तापमानाला पोहोचली, की तिच्यातल्या हायड्रोजनच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात, चकतीचा स्वभावच पालटतो आणि अडलेला वायू भराभर आत कोसळतो. त्या कोसळण्याचा उजेड आपल्याला दिसतो. साठा ओसरला की दरवाजे बंद. जपानचे योजी ओसाकी यांनी १९७४मध्ये हा विचार मांडला. या ताऱ्यांना खुजे नवतारे म्हणतात.

एक दुधासारखा उतू जातो, एक धरणासारखा सुटतो. दोन्हींमधला फरक मोठा असला तरी एक गोष्ट समान आहे. भडका क्षणात दिसतो, पण तो क्षणात तयार होत नाही. त्याचं सगळं कारण मुक्या काळात साठलेलं असतं.

आता थोडं आपल्या महाराष्ट्राकडं येऊ. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगाव लागतं. तिथून आत जुन्नर तालुक्यातल्या खोडद गावाच्या शिवारात मोठमोठ्या तबकड्या उभ्या आहेत. प्रत्येक तबकडीचा व्यास ४५ मीटर आणि अशा तबकड्या ३०. काही मध्यभागी एकत्र, बाकीच्या तीन दिशांना लांबवर पसरलेल्या, पार २५ किलोमीटरपर्यंत. ही जीएमआरटी नावाची रेडिओ दुर्बीण. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती साकारली. तबकड्या पत्र्याच्या नाहीत, तारेच्या जाळीच्या आहेत. त्यामुळं त्या हलक्या आहेत, स्वस्तात झाल्या आणि वारा त्यांच्यातून निघून जातो. तुम्ही रेडिओवर माझा आवाज ऐकता तो ज्या जातीच्या लहरींवर स्वार होऊन येतो, त्याच जातीच्या लहरी तारेही पाठवतात. खोडदची दुर्बीण त्या पकडते.

भुजंगधारी तारकासमूहात आरएस ओफ्युकी नावाचा एक आवर्ती नवतारा आहे. त्याचीही जोडी तांबड्या राक्षसी ताऱ्याची आणि श्वेत बटूची. एक फेरी साधारण ४५४ दिवसांची. हा तारा १८९८, १९३३, १९५८, १९६७, १९८५, २००६ आणि २०२१ या वर्षी भडकलेला पाहिला गेला आहे. मधली अंतरं मोजा. पस्तीस वर्षं, पंचवीस, नऊ, अठरा, एकवीस, पंधरा. नियम आहे म्हणावं तर अंतर सारखं नाही. नियम नाही म्हणावं तर तो भडकायचा थांबत नाही. आपल्या पावसाळ्यासारखंच झालं म्हणायचं.

१२ फेब्रुवारी २००६ रोजी तो भडकला. जपानमधल्या हौशी निरीक्षकांनी तो आधी पाहिला आणि जगभर निरोप गेले. पुण्याच्या निमिषा कांथारिया, बंगळूरच्या जी. सी. अनुपमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोडदच्या तबकड्या त्याच्याकडं वळवल्या. विसाव्या दिवशी ६१० मेगाहर्ट्झवर त्याच्या लहरी सापडल्या आणि अडतिसाव्या दिवशी ३२५ मेगाहर्ट्झवर. इतक्या कमी कंपनांवर हा तारा त्याआधी कुणालाच सापडला नव्हता. १९८५च्या स्फोटाच्या वेळी ३२७ मेगाहर्ट्झवर शोध घेतला गेला होता. तेव्हा सहासष्टाव्या दिवशीही काही मिळालं नव्हतं.

या जागी जरा थांबू. १९८५च्या निरीक्षकांनी ‘नाही सापडला’ असं लिहून ठेवलं होतं. कुणी म्हणेल, न सापडलेल्या गोष्टीची नोंद कशाला? पण एकवीस वर्षांनी त्याच नोंदीचा उपयोग झाला. त्याचं असं, की तांबडा राक्षसी तारा आपल्याभोवती वायूचा वारा सतत सोडत असतो. बटूवर स्फोट झाला की त्याचा धक्का या वायूतून बाहेर पळतो आणि त्यातून रेडिओ लहरी निघतात. कमी कंपनांच्या लहरी या वायूत मुरतात, बाहेर येत नाहीत. धुक्यात दिवा दिसत नाही तसं. धुकं दाट असेल तर लहरी उशिरा बाहेर पडतात, विरळ असेल तर लवकर. १९८५मध्ये सहासष्टाव्या दिवशीही नाही आणि २००६मध्ये अडतिसाव्या दिवशी आहे, यावरून या शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, की २००६मध्ये वाटेतला वायू १९८५च्या मानानं सुमारे तीस टक्केच दाट होता. तारा तोच, जोडी तीच, पण दर वेळची परिस्थिती वेगळी. आधीच्या ‘नाही’शिवाय नंतरच्या ‘आहे’ला हा अर्थ आला नसता.

त्याच स्फोटाच्या वेळी माउंट अबूच्या वेधशाळेतून अवरक्त किरणांत पाहणाऱ्या शास्त्रज्ञांनी हा धक्का वायूत शिरल्यावर कसा मंदावत जातो ते मोजलं. ऑगस्ट २०२१मध्ये तारा पुन्हा भडकला, तेव्हा नामिबियातल्या आणि कॅनरी बेटांवरच्या दुर्बिणींना त्याच्यातून आलेले अतिशय शक्तिमान गॅमा किरण सापडले. त्या वेळीही खोडदच्या तबकड्यांनी त्याचा माग ठेवला.

पण रोज रात्री या ताऱ्यांवर पहारा कोण देतं? मोठ्या दुर्बिणी एकाच ताऱ्यावर डोळा लावून बसू शकत नाहीत. हा पहारा शंभराहून अधिक वर्षं साध्या माणसांनी दिला आहे. १९४६मध्ये कटोऱ्याजवळचा तारा भडकला, तेव्हा तो सर्वांत आधी पाहणाऱ्यांत सोव्हिएत रशियातला एक रेल्वे कर्मचारी होता आणि वेल्समधला पंधरा वर्षांचा एक मुलगा होता. आणि ज्यानं पाहायला हवा होता, त्याला तो दिसला नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात लेस्ली पेल्टिअर नावाचा एक शेतकऱ्याचा मुलगा होता. दोन सेंटला एक माप या दरानं नऊशे मापं स्ट्रॉबेरी तोडून त्यानं अठरा डॉलर जमवले आणि पहिली दुर्बीण घेतली. कापूस वेचून वही-पेन घेणाऱ्या आपल्याकडच्या पोरांना हे वेगळं सांगायला नको. पेल्टिअर पंचवीस वर्षं या ताऱ्यावर लक्ष ठेवून होता. फेब्रुवारी १९४६मधल्या त्या रात्री तो गजर लावून उठलाही, पण घसा धरल्यासारखा वाटला म्हणून परत पांघरुणात शिरला. तारा नेमका तेव्हाच भडकला. पुढं आत्मचरित्रात त्यानं चूक आपलीच होती हे कबूल केलं, पण तेव्हापासून त्या ताऱ्याशी पूर्वीसारखं सख्य राहिलं नाही असंही गमतीनं लिहिलं.

आपल्या देशातही असा माणूस होऊन गेला. राधागोविंद चंद्र, अखंड बंगालमधल्या जेसोरचे. मॅट्रिकला तीनदा नापास झाले आणि सरकारी खजिन्यात नाणी मोजण्याच्या नोकरीला लागले. दिवसा नाणी मोजायचे, रात्री तारे. ७ जून १९१८ रोजी गरुड तारकासमूहात त्यांना एक नवा तारा दिसला. त्यांचं काम पाहून अमेरिकेतल्या निरीक्षकांच्या संघटनेनं त्यांना सहा इंचांहून थोडी मोठी दुर्बीण समुद्रापारहून वापरायला पाठवली. फाळणीनंतर ते पश्चिम बंगालमध्ये बारासातला आले. तेजस्विता बदलणाऱ्या ताऱ्यांच्या सदतीस हजारांवर नोंदी या माणसानं केल्या. पुढं ती दुर्बीण वेणू बाप्पूंकडं आणि त्यांच्यामार्फत तामिळनाडूतल्या कावलूर वेधशाळेत गेली.

हे वेणू बाप्पू वाढले ते हैदराबादला, निजामिया वेधशाळेच्या सावलीत. त्यांचे वडील तिथं नोकरीला होते. १९४८पर्यंत आपला परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता, त्या अर्थी ती आपल्याही राज्याची वेधशाळा. नवाब जफर जंग यांनी १९०१मध्ये तिची सुरुवात केली आणि इंग्लंडहून पंधरा इंची दुर्बीण मागवली. ती दुर्बीण १९२२मध्ये उभी राहिली. टी. पी. भास्करन संचालक असताना तिच्यातून तेजस्विता बदलणाऱ्या ताऱ्यांच्या नोंदी घेतल्या जात. आमच्या आजोबांच्या काळात, आमची माणसं कंदिलाच्या उजेडात खळ्यावर ज्वारी राखत होती, तेव्हा त्याच राज्यात कुणीतरी ताऱ्यांची राखण करत होतं, हे मला फार उशिरा कळलं.

अशा नोंदींचा आजच्या काळात उपयोग काय, याचं एक अगदी अलीकडचं उदाहरण सांगतो. एसएस सिग्नी आपल्यापासून किती दूर आहे, हे १९९९मध्ये हबल दुर्बिणीनं मोजलं. अंतर निघालं सुमारे ५२० प्रकाशवर्षं. यामुळं मोठी पंचाईत झाली. इतक्या लांबून तो एवढा तेजस्वी दिसत असेल, तर मघाशी सांगितलेली धरणाची उपपत्तीच चुकीची ठरत होती. मग रेडिओ दुर्बिणींनी पुन्हा मोजायचं ठरलं. पण हा तारा रेडिओ लहरी सोडतो तो भडकल्यावरच. तो भडकला हे तातडीनं कळवणार कोण? जगभरचे हौशी निरीक्षक. त्यांनी निरोप द्यायचा आणि दुर्बिणींनी वळायचं. २०१३मध्ये उत्तर आलं, सुमारे ३७० प्रकाशवर्षं. उपपत्ती वाचली. घराच्या अंगणात दुर्बीण लावून बसणाऱ्यांनी हे केलं.

आता शेवटचा आणि सर्वांत मोठा प्रश्न. स्फोट झाला की कटोरा पुरता रिकामा होतो, की तळाशी काही उरतं? हा प्रश्न लहान नाही. लाहोरला जन्मलेले आपले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी तरुणपणीच दाखवून दिलं होतं, की श्वेत बटूला वजनाची मर्यादा आहे. सूर्याच्या सुमारे १.४ पट. त्यांना १९८३मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. दर स्फोटानंतर थोडं थोडं उरत गेलं, तर बटू हळूहळू या मर्यादेकडं सरकणार. आरएस ओफ्युकी आणि टी कोरोना बोरिआलिसमधले बटू या मर्यादेच्या बरेच जवळ आहेत. कार्बन आणि ऑक्सिजनचा बटू मर्यादेला टेकला, तर मग नुसतं दूध उतू जाणार नाही, पातेल्यासकट चूल उडेल. सगळा ताराच फुटून नाहीसा होईल. अशा महास्फोटांचा उपयोग शास्त्रज्ञ विश्वातली लांब लांबची अंतरं मोजायला करतात. विश्वाचं प्रसरण वेगानं वाढत आहे हे १९९८मध्ये कळलं, ते याच जातीच्या स्फोटांवरून. म्हणजे ज्या मापानं आपण विश्व मोजतो, ते माप कसं तयार होतं हे कळायचं असेल, तर या कटोऱ्याचा जमाखर्च नीट मांडायला हवा. किती आलं, किती उधळलं, किती उरलं. त्याचे आकडे अजून शास्त्रज्ञांच्या वादात आहेत आणि पुढच्या प्रत्येक स्फोटात ते नव्यानं तपासले जाणार आहेत.

कटोऱ्याजवळच्या ताऱ्याच्या नोंदी मागं कुठवर जातात याचाही शोध चालू आहे. जर्मनीतल्या उर्सबर्गच्या मठाधिपतीनं १२१७मध्ये या भागात एक नवा तारा पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. तो हाच असावा असं एका संशोधकानं २०२३मध्ये मांडलं. ऐंशी वर्षांचा हिशेब धरून २०२४मध्ये जगभर चर्चा झाली, की हा तारा सप्टेंबरपर्यंत भडकेल. सप्टेंबर गेला, ते वर्षही गेलं, तो भडकला नाही. असे तारे पंचांग पाहून येत नाहीत. आणि त्याचं अंतर सुमारे तीन हजार प्रकाशवर्षं. म्हणजे आपण ज्याची वाट पाहतो तो उजेड तिथून निघाला तेव्हा आपली बोलीसुद्धा जन्मलेली नव्हती.

आम्ही परभणीत राहतो त्या वस्तीत आता रस्त्यावर पांढरे प्रखर दिवे आले आहेत. सोय झाली, बायकामुलींना रात्री भीती वाटत नाही, याबद्दल तक्रार नाही. पण अभिजित आणि स्वाती सोडल्या तर कटोरा सापडायला आता बराच वेळ लागतो. त्याचे बारीक तारे उजेडात बुडाले आहेत. खेड्यात, शेतात, आखाड्यावर अजून तो दिसतो. ज्यांना तो दिसतो त्यांनी एवढंच करावं. ते सात तारे डोळ्यांत बसवून घ्यावेत. कटोरा एरवी कसा दिसतो हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच त्यात जास्तीचं काही आलं तर ओळखता येईल. दुर्बीण असली तर उत्तमच, नसली तरी बिघडत नाही. एक वही असावी. तारीख, वेळ, आभाळ कसं होतं आणि काय दिसलं.

मी २०२४च्या जूनमध्ये अशी वही केली. नात माझ्यासोबत गच्चीवर यायची. तीही पहिल्या दिवसांत उतावीळ होऊन रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात काहीतरी पाहायची आणि म्हणायची, ‘नाना, आला!’ मी विचारायचो, ‘दाखव, कुठं?’ मग ती हसायची. हळूहळू तिला सात तारे मोजता यायला लागले. पुढं पुढं मी काही विचारायच्या आधी तीच सांगायची आणि मी लिहायचो. त्या वर्षाच्या प्रत्येक पानावर एकच शब्द आहे: नाही.